एक पुस्तक संपल्याशिवाय दुसरं उघडू नये, पटतंय का?

कडक_चहा
मंडळी, सध्या काय वाचालाव असं कुणालाही विचारलं की एकच उत्तर, "चारपाच चालू आहेत." एक उशाशी, एक मोबाईलमध्ये, एक ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आणि चौथं कुठंय ते घरच्यांना माहीत. माझं मत सरळ आहे, हातात घेतलं की संपवायचं, कंटाळा आला तरी. मी सध्या मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण' वाचतोय. आपल्या सोलापूरचा माणूस, 2006 ला इथंच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, 2025 च्या जूनमध्ये गेले तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले पण वाचलंय किती जणांनी? जाडजूड पुस्तक आहे, पक्ष्यांचं झाडांचं सावकाश सांगणं आहे, मध्येच सोडून दुसरं उघडलं की परत त्या जंगलात शिरताच येत नाही.

हुतात्मा_एक्सप्रेस
नाही पटत. पहाटेच्या गाडीनं पुण्याला जाताना डब्याच्या पिशवीत ते जाडजूड कोंबू का मी? गाडीत कथा, घरी कादंबरी. आणि कुर्डुवाडीला गर्दी चढली की मांडी घालून जंगलात शिरायचं राहतं, आपली सीट सांभाळायची असते.

जुनी_रद्दी
मालक, हे मोबाईलमुळं झालंय असं समजू नका. ह. ना. आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' लोकांनी एका बैठकीत नाही वाचली, 1890 ला 'करमणूक' साप्ताहिक निघालं त्यात ती क्रमशः येत होती. आठवडाभर थांबायचं, मध्ये दुसरं काहीबाही वाचायचं, परत कादंबरीतल्या यमूकडं यायचं. त्यांचा धागा तुटला का? आणि 1909 ला 'मनोरंजन' मासिकानं दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपण अंक मधूनच उघडतोय, आधी व्यंगचित्र, मग ओळखीचं नाव, मग भविष्य. पहिल्या पानापासून जाहिरातींसकट शेवटपर्यंत वाचणारा मला एक दाखवा, त्याला पार्क चौकात पोटभर भेळ माझ्याकडून.

कडक_चहा
ते लेखकच तुकड्यातुकड्यानं देत होता, वाचकाची त्यात काय चूक. पूर्ण पुस्तक हातात असताना तुकडे पाडणं वेगळं. आपल्याकडं गुरुचरित्राचं पारायण बघा, सात दिवस म्हणजे सातच, रोज किती अध्याय ते ठरलेलं. मध्ये उठून दुसरी पोथी घेतो का कोण?

नवी_पेठ_वहिनी
घेत नाहीत, पण पुढच्या वर्षी परत तेच घेतात की! संपवायचं म्हणून वाचत असते तर एकदाच वाचलं असतं. आमच्या सासूबाईंना अर्धे अध्याय पाठ आहेत तरी दत्त जयंती आली की चौरंग मांडतातच. बाकी मी वाचनालयातनं एक पुस्तक एक मासिक आणते, तारीख आली की संपलेलं असो नसो परत. आवडलं नाही तर चाळीस पानांतच सोडते आणि मला काडीचं वाईट वाटत नाही, तो वेळ माझा आहे, दुपारचा तेवढाच मिळतो.

पोस्ट_निघेना
इथं स्पर्धा परीक्षेचा सिलॅबस संपेना, तुम्ही पुस्तकं काय संपवताय. एकच इतिहास परत परत वाचतोय. कादंबरी हातात धरली तर रूममेट असं बघतात की जणू सिगरेट ओढतोय.

अशोक_चौक
वाचणं म्हणजे फक्त डोळ्यानं का पण? माझी आई बिडी वळते. तेलुगू शाळेत शिकलेली, मराठी अस्खलित बोलते पण वाचायला बसली की अक्षर अक्षर जुळवत बसते, एक पान म्हणजे तासाचं काम. आणि तिची मजुरी हजार बिड्यांवर असते, हात थांबला की पैसा थांबला. आता फोनवर मराठी कादंबऱ्या लावून देतो, पान कापताना तंबाखू भरताना दोरा बांधताना सगळं ऐकते. आजूबाजूच्या दोघीतिघी पण सुपं घेऊन येऊन बसतात.

कडक_चहा
चांगलंच आहे, पण ते ऐकणं झालं हो. लक्ष निम्मं बिडीत.

जुनी_रद्दी
घ्या! आणि देवळात एक जण पोथी वाचतो नि पन्नास जण ऐकतात, त्यांनी ग्रंथ केला म्हणता ना तुम्ही? तिथं निम्म्या बायका वाती वळत असतात.

हुतात्मा_एक्सप्रेस
निम्म्या झोपलेल्या असतात, ते पण धरा.

कडक_चहा
बरं बाबा, ऐकणाऱ्यांना सूट. पण डोळे आणि वेळ दोन्ही असून जे नुसती उघडून ठेवतात त्यांच्याबद्दल माझं तेच मत. @अशोक_चौक, आई एका वेळी किती पुस्तकं लावते, ते तर सांगा.

अशोक_चौक
एकच. ते पूर्ण झालं की मगच दुसरं. पण लगेच खूश होऊ नका, तिच्या फोनमध्ये जागाच तेवढी आहे.