मदत हवी आहे: फांदीची सावली पडली की सोलर पॅनल मान टाकतं
मंडळी, कॅम्पिंगला १०० वॉटचं घडीचं सोलर पॅनल आणि ५०० वॉट-तासांचं पॉवर स्टेशन (वीज साठवणारा बॅटरीचा डबा) नेतो. भर उन्हात पॅनल सूर्याकडे नीट तिरकं ठेवलं की ७०-७५ वॉट मिळतात, तक्रार नाही. पण कोपऱ्यावर एखादी फांदी डोकावली की आकडा थेट २०च्या खाली! पॅनलमधले सेल एकामागोमाग जोडलेले असल्याने एकावरची सावली सगळ्यांना नडते, हे कळतं. मग ५० वॉटची दोन पॅनलं समांतर जोडली तर फरक पडेल का?

आणि स्टेशन उन्हात तापून चार्जिंगच थांबवतं. ते तंबूत ठेवून लांब वायर ओढावी, की पॅनलच्याच मागे सावलीत ठेवावं? लांब वायरीत किती वीज वाया जाते? प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी सांगा, विक्रेत्यांचे सल्ले ऐकून झालेत.