कोवळी बर्गंडी किती मुरेल, हे आज चाखून कळतं का?

घोटभर
माझं मत: कळतं, पण बहुतेक जण चुकीची गोष्ट मोजतात. बाटलीत भरून वर्षही न झालेली लाल बर्गंडी (फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातली वाइन) चाखताना सगळं लक्ष तुरटपणाकडे जातं. काही जण रंग बघतात. पिनो न्वार या तिच्या द्राक्षाचा रंग मुळातच फिका, त्यावरून आयुष्य ठरवू नका. बघायचं ते इतकंच की आंबटपणा फळाच्या चवीत मिसळलाय की वेगळा टोचतोय, आणि घोट थुंकल्यावर चव किती सेकंद रेंगाळते. फ्रेंचांनी त्या एका सेकंदाला 'कोदाली' असं मापच दिलंय. आठ-दहाच्या पुढे गेली आणि शेवटी उरली ती फळाची चव असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. ओकच्या नव्या पिंपातून आलेला व्हॅनिलाचा वास रेंगाळत असेल तर तो धरू नये.

पद्धत: वाइन 15 अंशांवर, पोटाशी रुंद ग्लास, 50 मिली. उघडल्याबरोबर एकदा, चार तासांनी एकदा. मग बूच लावून फ्रिजमध्ये आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 15 अंशांवर आणून. वास मोकळा झाला असेल तर दहा वर्षं ठेवा. चिरून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास आला तर लवकर संपवा.

जुनंबूच
असहमत. दुसऱ्या दिवसाची परीक्षा हवेची आहे, काळाची नाही. अर्ध्या रिकाम्या बाटलीत एका रात्रीत जेवढा प्राणवायू शिरतो, तेवढा चांगल्या बुचातून वर्षानुवर्षं शिरत नाही. शिवाय बाटली भरताना मोकळा सल्फर डायऑक्साइड (वाइन टिकावी म्हणून घालतात तो) जास्त ठेवला असेल, तर सुमार वाइनसुद्धा ही परीक्षा पास होते. तुम्ही मोजताय ते गंधकाचं कवच.

पिंपातले नमुने तर याहून फसवे. ओस्पिस द बोनचा, म्हणजे बोन गावच्या जुन्या रुग्णालयाच्या वाइनचा लिलाव नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो. वाइन तेव्हा जेमतेम दोन-तीन महिन्यांची, पुष्कळ पिंपांत तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक व्हायचं बाकी. वर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे आंबट आणि तुरट दोन्ही आहे त्यापेक्षा जास्त लागतं. ग्लासवर तळवा दाबून जोरात हलवा, वायू जाऊ द्या आणि मग चाखा. एकाच पिंपातली वाइन दोन वेगळ्या वाइनसारखी लागेल.

देठासकट
आंबटपणा जिभेने ठरवताना आणखी एक फसगत होते. घड देठासकट आंबवले की देठांतलं पोटॅशियम रसात उतरतं, टार्टारिक आम्ल क्षार होऊन खाली बसतं आणि पीएच चढतो, म्हणजे आम्लता उतरते. तोंडात मात्र देठांच्या वासामुळे वाइन उलट ताजी वाटते. म्हणून उत्पादकाकडून पीएच मिळाला तर जरूर घ्या. लाल वाइनला 3.4 आणि 3.7 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कोवळेपणी देठांचा वास मिरी, सुकलेली गुलाबपाकळी असा असेल तर चालतो, तो मुरतो. जिभेच्या मुळाशी हिरवा कडवटपणा राहिला तर देठ कच्चे होते, आणि तो कडूपणा वीस वर्षांनीही जात नाही. पद्धत कोणती हा प्रश्न दुय्यम: बर्गंडीचे नामवंत उत्पादक आंरी जायेर सगळे देठ काढायचे, तिथलेच द्युजाक देठ ठेवत आले, आणि दोघांच्याही वाइन दीर्घकाळ टिकल्या.

जुनंबूच
आणि पांढरीचं काय? 1996 ची शार्दोने (पांढऱ्या बर्गंडीचं द्राक्ष) आंबटपणात कमी नव्हती. तरी त्यातल्या कितीतरी बाटल्या दहा वर्षांच्या आत तपकिरी पडल्या, अक्रोड आणि शिळ्या मधाचा वास मारू लागल्या. एकाच पेटीतली एक बाटली उत्तम, शेजारची मेलेली. कोवळेपणी चाखून हे कुणालाही सांगता आलं नव्हतं. बूच, कमी गंधक, रस काढायची हळुवार यंत्रं, अशी अनेक कारणं एकत्र आली. आज पांढरी घ्यायची तर मी आधी बूच कोणतं ते विचारेन, चव नंतर.

घोटभर
पांढरीबाबत माघार घेतो, 1996 चा दाखला बिनतोड आहे. दुसऱ्या दिवसाच्या परीक्षेवरून 'दहा वर्षं' म्हणणंही जास्तच झालं. ती फक्त कमकुवत वाइन बाजूला काढायला वापरावी. पण लालबाबत मत कायम. 2003 घ्या: उन्हाचा कहर, ऑगस्टमध्येच तोडणी, आम्ल कमी, साल जाड. तुरटपणाच्या जोरावर त्यातल्या काही वाइन आजही उभ्या आहेत. पण त्या टिकल्या, मुरल्या नाहीत. शिजवलेल्या फळाची चव तेव्हा होती, ती आजही आहे. मुरलेल्या पिनोला ओल्या पानांचा, अळंब्यांचा वास येतो आणि खाली फळ जिवंत असतं. त्यासाठी आम्ल हवंच.

देठासकट
हा फरक पटला. एक भर: कोवळ्या पांढरीला काडेपेटीचा किंवा सडक्या अंड्याचा वास आला तर लगेच नापास करू नका. एका ग्लासात तांब्याची स्वच्छ तार दोन मिनिटं फिरवा आणि फक्त हुंगा, तो ग्लास पिऊ नका. वास गेला तर तो गंधकाचा दोष होता, खाली फळ आहे का ते आता कळेल.

चुनखडी
पुण्या-मुंबईत ठेवणाऱ्यांसाठी: वरचे सगळे हिशेब 12-14 अंशांच्या तळघराचे आहेत. भिंतीतल्या कपाटात मे महिना काढायचा असेल तर प्रीमिए क्र्यू, म्हणजे वरच्या दर्जाच्या मळ्यांची वाइन घेऊच नका. साधी व्हिलाज (गावाच्या नावाने विकली जाणारी) पातळीची घ्या आणि होळीच्या आत उघडा.