पैसे घेऊन काढलेला फोटो माझ्या पेजवर टाकायला परत परवानगी लागते का?

उजेडवेडा:
मंडळी, एक विचारायचंय. गेल्या महिन्यात एका बाईंचं पोर्ट्रेट शूट केलं, ठरलेले पैसे मिळाले, फोटो दिले, त्यांना आवडलेही. त्यातला एक ब्लॅक अँड व्हाइट, खिडकीचा उजेड अर्ध्याच चेहऱ्यावर आणि अंधारातल्या बाजूला डोळ्यात फक्त एक पांढरा ठिपका, आजवरच्या कामातला माझा सगळ्यात चांगला फोटो आहे तो, म्हणून इन्स्टाच्या पेजवर टाकला. तिसऱ्या दिवशी मेसेज, "मला न विचारता कसा टाकलात? लगेच काढा." काढला, पण डोक्यातून जात नाहीये. फोटो मी काढला म्हणजे कॉपीराइट माझाच ना? आणि रस्त्यावर काढतो त्या फोटोंचं काय, तिथे कोणाकोणाला विचारणार?

लेन्सकॅप:
काढलात ते बरोबर केलंत. कॉपीराइट आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉपीराइट म्हणजे तुमचा फोटो दुसऱ्याने ढापला तर तुम्ही त्याला अडवू शकता, त्या बाईंच्या चेहऱ्यावर त्याने तुमचा हक्क येत नाही. आणि पैसे घेऊन केलेल्या कामात तर कॉपीराइट तुमचा असेलच असंही नाही. भारताच्या 1957 च्या कायद्यात कोणी पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतला आणि वेगळा काही करार नसेल, तर पहिला मालक तो गिऱ्हाईक. ब्रिटनच्या 1988 च्या कायद्यात कॉपीराइट फोटोग्राफरकडे राहू शकतो, तरी घरगुती कारणासाठी काढून घेतलेले फोटो लोकांसमोर येऊ न देण्याचा हक्क ते काढायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे. म्हणून बुकिंगच्या फॉर्ममध्येच वेगळी ओळ घाला, "पेजवर टाकू का? हो / नाही". जाहिरातीत वापरायचा असेल तर सही केलेला मॉडेल रिलीज, म्हणजे फोटोतल्या माणसाची लेखी परवानगी, घ्याच, तिथे तोंडी हो वर विसंबू नका.

चौकटीबाहेर:
रस्त्याचं सांगतो, कारण मी तेच करतो. देश बदलला की उत्तर बदलतं. फिलिप-लोर्का डिकोर्सिया या फोटोग्राफरने टाइम्स स्क्वेअरमध्ये फ्लॅश लावून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे त्यांना कळू न देता टिपले, एकाने दावा लावला आणि 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने तो फेटाळला, ही कला आहे, धंद्याची जाहिरात नाही म्हणून. याउलट 1998 मध्ये कॅनडाच्या सुप्रीम कोर्टात क्विबेकमधली केस, 17 वर्षांची मुलगी इमारतीच्या पायरीवर बसलेली, फोटो मासिकात न विचारता छापला, निकाल मुलीच्या बाजूने. जर्मनीत तर 1907 पासून फोटो पसरवायलाच संमती लागते, गर्दीचा फोटो असेल किंवा एखाद्या दृश्यात माणूस ओघाने आला असेल तर सूट. मी स्वतः एवढंच बघतो की फोटो चौकाचा आहे का त्या एका माणसाचा. एका माणसाचा असेल तर काढून झाल्यावर जाऊन स्क्रीन दाखवतो. लहान मुलं असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय नाहीच.

पायरीवरची:
मी फोटोग्राफर नाही, फोटोत आलेली आहे. एका माणसाच्या त्रासामुळे मी शहर बदललं होतं, नवीन ठिकाणी एका वर्कशॉपला जायला लागले, तिथल्या कोणीतरी आमचा ग्रुप फोटो टाकला, मागे दारावरची पाटी स्वच्छ वाचता येत होती. दोन दिवसात तो माणूस दाराबाहेर उभा. फोटो टाकणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं हे मला कळतं. पण विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं असंही नाही हो, पाटी दिसू देऊ नका एवढंच म्हटलं असतं. नंतर पोस्ट काढली त्यांनी, तोवर ती किती जणांनी शेअर केली होती कोणाला माहीत. त्या बाईंनी कारण सांगितलं नाही म्हणून राग धरू नका, प्रत्येकीला कारण सांगता येतंच असं नाही.

लेन्सकॅप:
ताई, वाचून सुन्न झालो. यात अजून एक, फोटोच्या फाइलमध्ये कधीकधी लोकेशनही असतं, लिंकने मूळ फाइल देताना ते काढून टाकायचं बघा.

उजेडवेडा:
राग नव्हता, वाईट वाटलं होतं, आता वेगळ्याच गोष्टीचं वाटतंय. फॉर्ममध्ये ओळ घातली. जुन्या गिऱ्हाइकांना आज एकेक करून मेसेज टाकतोय, ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांचे फोटो उतरवणार. पेजवर बाकावर झोपलेल्या एका आजोबांचा फोटो होता, लोकांना फार आवडलेला. झोपलेल्या माणसाला विचारलंच नव्हतं मी. तो आत्ता काढला.