विजयदुर्गची गोदी खाडीत एवढी आत का बांधली असेल?

खाडीकाठ:
परवा विजयदुर्गला गेलेलो, किल्ला झाल्यावर रिक्षावाल्या दादांनी गिर्ये-रामेश्वरच्या बाजूची आंग्रेंची गोदी दाखवली. आता गाळच गाळ आहे तरी दगडी बांधकाम बघून थक्क झालो. आरमार किल्ल्याखाली आणि गोदी मात्र तीनेक किलोमीटर आत, असं का? आणि तिथे नवीन जहाजं बांधायचे की नुसती डागडुजी?

बंदरपट्टी:
आत असण्याचं मोठं कारण पावसाळा. ते चार महिने समुद्र बंद, त्यात लाटा आणि शत्रूच्या तोफा दोन्हीपासून लांब अशी जागा पाहिजेच. भरतीला जहाज आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की बूड उघडं पडतं, मग चिकटलेली कालवं खरवडा, किडलेली फळी बदला, फटीत तेलाचा कापूस ठोका. गोदीची लांबी साडेतीनशे फुटांच्या आसपास आहे, म्हणजे एका वेळी बरीच जहाजं मावत असणार.
नवीन पण बांधायचे. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गवर चालून आले तेव्हा आंग्रेंनी आधी इंग्रजांकडूनच जिंकलेल्या रेस्टोरेशन जहाजावर गोळा पडला, सगळी जहाजं एकमेकांना खेटून बांधून ठेवलेली त्यामुळे आग पसरत गेली आणि तुळाजी आंग्रेंचं आख्खं आरमार जळालं, त्यात बांधणीतली दोन मोठी जहाजं पण होती असं इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. आणि पेशव्यांची फौज तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होती, हे वाचताना आजही जीव तुटतो.

गुराबवाला:
वरच्यात भर घालतो. आपली जहाजं या खाड्यांसाठीच घडवलेली. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दीडशे ते तीनशे टनांची, नाळेवरून म्हणजे पुढच्या टोकावरून समोर तोफा डागणारी. गलबत हलकं, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं, वारा पडला की गुराबेला ओढून न्यायचं. तळ उथळ, म्हणून इंग्रजांची मोठी जहाजं जिथे रुतायची तिथे ही आरामात शिरायची. १७५६ नंतर पण विजयदुर्ग संपलं नाही, पेशव्यांचे आरमार सुभेदार आनंदराव धुळप इथूनच कारभार बघायचे, १७८३ मध्ये त्यांनी इंग्रजांचं रेंजर जहाज पकडलं.

देवगडची_पोर:
माझे आजोबा होड्या बांधायचे. कागदावर नकाशा कधी नाही, सगळं डोळ्यात आणि हातात. आता किनाऱ्यावर सगळीकडे फायबर, त्यामुळे लाकडाचं काम येणारे सुतार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत, त्यांच्याकडून कोणीतरी व्हिडिओ करून घ्या हो लवकर!
आणि खाडीकाठ दादा, परत गेलात तर अमावस्या-पौर्णिमेच्या ओहोटीला जा, पाणी जास्त उतरतं, बांधाचा खालचा भाग नीट बघता येईल.