निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे

लष्कर व पोलीस यांचे निवृत्तिवेतन तिजोरीतून जाते, म्हणून सरकार ते केव्हाही कमी करू शकते, असा एक दावा केला जातो. माझे वडील ठाण्यात पोलीस हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे हा विषय मला जवळचा आहे. तरीही उत्तर भावनेने नव्हे, कायद्यानेच द्यायला हवे.

देवकीनंदन प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्येच निवृत्तिवेतनाला मालमत्ता मानले. पुढे 44 व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाही, परंतु कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही असे सांगणारे कलम 300 अ आले, आणि 2013 मध्ये झारखंडच्या एका प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की कायद्याचा आधार नसताना, केवळ प्रशासकीय आदेशाने, निवृत्तिवेतन रोखता येत नाही. रंगधामय्या प्रकरण (1997) मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रेल्वेने 1988 मध्ये नियम बदलून, ते मागील तारखेपासून लागू करून, आधीच निवृत्त झालेल्यांचे निवृत्तिवेतन घटवले होते. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते अवैध ठरवले.

पुढच्या भरतीसाठी मात्र सरकारचे हात बरेच मोकळे आहेत. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू झालेले पोलीस ठरावीक निवृत्तिवेतनाची हमी देणाऱ्या जुन्या योजनेबाहेर गेले, तर केंद्राने 2004 मध्ये सैन्यदलांना नव्या, अंशदानावर आधारित योजनेतून वगळले, म्हणजे त्यांची जुनी योजना कायम राहिली. रात्रपाळी आणि बंदोबस्तात आयुष्य घालवणाऱ्या पोलीस शिपायाला ही वागणूक अन्यायकारक आहे, असे माझे ठाम मत आहे. पण त्यावरचा उपाय न्यायालयापेक्षा विधिमंडळाकडेच अधिक आहे.