गाठ दाबून जिरवू नका

"बाळाच्या छातीतली गाठ मालिशवाल्या मावशींनी दाबली की जिरते" असा सल्ला दिला जातो, तो कृपया कुणी पाळू नका. नवजात बाळाच्या छातीत, मुलग्यांच्यासुद्धा, आईच्या हार्मोन्समुळे गाठ येते आणि आपोआप ओसरते. दाबली तर पू होऊ शकतो.

माझ्या दीड वर्षाच्या भाचीला छातीत एका बाजूला गाठ लागली. सोलापुरातल्या आमच्या बालरोगतज्ज्ञांनी तुकडा काढून तपासायला साफ नकार दिला, कारण अशी गाठ म्हणजे बहुधा स्तनाची कळी असते, जिच्यातून पुढे स्तन वाढतो, आणि तिला इजा झाली तर वयात येताना स्तनाची वाढच खुंटते. उंची मात्र नियमित लिहून ठेवायला सांगितली. मुलीच्या वयाच्या 8 वर्षांआधी गाठ वाढत गेली, उंची झपाट्याने वाढली, तर ती वेळेआधी वयात येतेय का हे कळायला डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय, म्हणजे हाडांची वाढ किती वर्षांच्या मुलीइतकी झाली आहे ते बघतात. लाली, ताप किंवा रक्तस्राव दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.