हेदरच्या झुडपांमधून वाट नसेल तर ट्रिग पॉइंटपर्यंत कसं जायचं?

मंडळी, इंग्लंडमधल्या नॉर्थ यॉर्क मूर्समध्ये (मूर म्हणजे उंचावरचं उघडं माळरान) फिरायला लागलोय, मागे उरा मूरवरचा राउंड हिल केला, ४५४ मीटर, तिथे मोठा ट्रॅक जवळून जातो त्यामुळे काहीच वाटलं नाही. आता नकाशावर दुसरा एक निळा त्रिकोण, म्हणजे ट्रिग पॉइंट (जमिनीच्या मोजणीसाठी उभारलेला खांब), दिसतोय पण शेवटचं ७००-८०० मीटर वाटच नाही, नुसतं हेदर. ऑगस्टअखेरीस जायचंय, सगळं जांभळं असताना. सरळ रेषेत घुसू का? आणि असं कुठूनही चालायला परवानगी असते का?

— सरळ रेषेत अजिबात नको! मी एकदा केलंय, जुनं हेदर गुडघ्यापर्यंत येतं, लाकडासारखं कडक, खाली खड्डे आणि पाण्याच्या चरी दिसतच नाहीत, ७०० मीटरला पाऊण तास लागला आणि घोटा मुरगळला तो वेगळाच. शिकारीच्या ग्राउस पक्ष्यांसाठी हेदर पट्ट्यापट्ट्यांनी जाळतात, तर अलीकडे जाळलेल्या पट्ट्यात ते जेमतेम घोट्याएवढं असतं, त्या पट्ट्या आणि मेंढ्यांच्या पायवाटा जोडत जोडत जा, लांब पडलं तरी लवकर पोचाल. पांढरे कापसाचे गोंडे किंवा चमकदार हिरवं शेवाळ दिसलं की समजा खाली ओलं आहे, वळसा घाला. फुलपँट घाला, परत आल्यावर गोचीड लागलीय का ते बघा, गुडघ्यामागे खास करून.

— परवानगीचं सांगतो. इंग्लंडमध्ये २००० च्या कायद्याने नकाशावर फिक्या पिवळ्या रंगात दाखवलेल्या अॅक्सेस लँडवर वाट सोडून पायी चालता येतं. पण मालकाला वर्षात २८ दिवसांपर्यंत प्रवेश बंद ठेवता येतो आणि १२ ऑगस्टपासून १० डिसेंबरपर्यंत ग्राउसची शिकार चालते, तेव्हा निघायच्या आधी ऑनलाइन बघाच. कुत्रा नेणार असाल तर तोही प्रश्न विचारून घ्या, शिकारीच्या मूरवर बऱ्याचदा मनाई असते.

— होकायंत्र ठेवाच हं. मूरचा माथा इतका सपाट असतो की चार फुटी खांब पार जवळ जाईपर्यंत दिसत नाही आणि ढग खाली आले तर संपलंच. मला तर हे खांबच फार आवडतात, पहिला १८ एप्रिल १९३६ ला कोल्ड अॅशबीजवळ वापरला आणि मग देशभर साधारण साडेसहा हजार उभारले, कितीतरी ठिकाणी माणसांनी सिमेंट-वाळू पाठीवरून वर नेली! माथ्यावरच्या पितळी चकतीत तीन खाचा असतात, त्यात थिओडोलाइट (कोन मोजायचं यंत्र) बसवायचे. बोट फिरवून बघा.

— खूप आभार सगळ्यांचे, पट्ट्यांचं माहीतच नव्हतं. सॅटेलाइट फोटोत आत्ता बघितलं तर खरंच दिसतायत, एक पट्टी जवळजवळ खांबापर्यंत जातेय! कुत्रा नाहीये. बंदीच्या तारखा बघून रविवार ठरवतो.

— रविवारी सहसा शिकार नसते, पण तरी बघा. आणि खांबाच्या अंगावर धातूची पट्टी असते त्यावरचा नंबर इथे टाका.